मसाल्यावरची धूळ आणि आम्ही

आमच्या लॅबमध्ये तपासून झालेल्या मसाल्याच्या पुड्या काही महिने कपाटात ठेवतात आणि मुदत संपली की रीतसर टाकून देतात. किश्शांना अशी मुदत कुणी लावलेली नाही, त्यामुळे ते साचत जातात. दुपारी डबे उघडले की एखादा बाहेर निघतो, आणि ज्याच्यावर तो बेतलेला असतो त्याला भाजी गार होईपर्यंत कुणी जेवू देत नाही. बहुतेक वेळा गार झालेली भाजी माझी असते.

लॅब पनवेलला, इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर. खाली रबरी वॉशर बनतात, वर आम्ही. आम्ही म्हणजे लॅबचे प्रमुख कर्णिक सर, नवीन पनवेलहून येणारी माझी सहकारी शुभदा, आणि मी, पाटणकर. आमचं काम एका वाक्यात सांगायचं तर, वाळवलेल्या मसाल्याला रेडिएशन दिलंय की नाही हे ओळखणं.

एका वाक्यात सांगून कुणालाच कळत नाही, म्हणून थोडं अजून सांगतो. मिरची, मिरी, हळद यांत जंतू आणि किडे राहू नयेत म्हणून काही व्यापारी माल गॅमा किरणांतून काढून आणतात. त्याला कायद्याची परवानगी आहे, खाणाऱ्याला धोका नाही. फक्त पाकिटावर तसं लिहावं लागतं, आणि परदेशातल्या काही गिऱ्हाइकांना तसला माल नकोच असतो. म्हणून तो आमच्याकडे येतो. गंमत अशी की मिरचीकडे बघून काही कळत नाही. कळतं ते मिरचीला चिकटलेल्या धुळीवरून. धुळीतले बारीक खनिजकण किरणांची ऊर्जा धरून ठेवतात. अंधारात त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडला, की ती ऊर्जा इवल्याशा उजेडाच्या रूपात बाहेर पडते आणि मशीन तो उजेड मोजतं. उजेड जास्त आला, तर रेडिएशन दिलेलं असतं.

हे मी कुणालाही चटकन समजावून सांगू शकतो असा माझा समज आहे. लोकांचा अनुभव वेगळा आहे.

* * *

आम्ही नवरा-बायको करंजाड्याला राहायला गेलो तेव्हा शेजारच्या सावंतकाकांनी दारातच विचारलं, "काय काम करता?" सामान वर चढवायची घाई होती. मी म्हणालो, "रेडिएशनचं."

दुसऱ्या दिवसापासून मी लिफ्टमध्ये असलो की काका "तुम्ही व्हा पुढे" म्हणायला लागले. मला वाटलं, माणूस फार सभ्य आहे. मग एकदा काकूंनी माझ्या बायकोकडे, मीनलकडे निरोप दिला. त्यांची सून बाळंतपणासाठी त्यांच्याकडेच राहणार होती. तर माझे लॅबचे कपडे जरा दुसऱ्या बाजूला वाळत घालता येतील का?

रविवारी सकाळी मी कागद-पेन घेऊन त्यांच्याकडे गेलो. अणूपासून सुरुवात केली. काका रेल्वेतून रिटायर झालेले, एकदम शिस्तीचे. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शंका विचारल्या त्यासुद्धा नेमक्या. काकूंनी दोनदा चहा दिला. मी चित्रं काढून सांगितलं की किरण आमच्याकडे नसतातच, ते दुसरीकडे देतात. आम्ही फक्त ते दिले होते का, एवढं बघतो.

काका म्हणाले, "म्हणजे किरण येऊन गेले, की ते येऊन गेले होते, असं तुम्ही सांगता."

"अगदी बरोबर," मी म्हणालो. इतका हुशार विद्यार्थी मला कधी मिळाला नव्हता.

"म्हणजे तुमच्यापासून धोका असा काहीच नाही."

"काहीच नाही."

काकांना खरंच हायसं वाटलं. मला दारापर्यंत सोडायला आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तसा उपयोगही नाही."

त्या दिवसापासून ते माझ्याबरोबर लिफ्टमधून येतात.

* * *

मशीन असतं ती खोली अंधारी ठेवावी लागते, कारण साध्या उजेडानंसुद्धा धुळीतली ऊर्जा निघून जाते. एक मिणमिणता लाल दिवा तेवढा चालतो. त्या दिव्यात समोरचा माणूस दिसत नाही, तो आहे एवढंच कळतं.

आमच्याकडे दर वर्षी तपासणी होते. बाहेरून ऑडिटर येतात आणि आम्ही काम नीट करतो का ते बघतात. त्या वर्षीचे ऑडिटर फार कडक असल्याची खबर आधीच आली होती, आणि नेमका त्याच आठवड्यात अंधाऱ्या खोलीतला एसी बिघडला होता. कर्णिक सरांनी अंधाऱ्या खोलीची जबाबदारी माझ्यावर टाकली आणि बजावलं, "विचारतील तेवढंच सांगा."

ऑडिटर आत आले. मी त्यांच्याकडे पाठ करून बश्यांमध्ये हळद भरत होतो. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला असावा आणि ते पडदा सारून बाहेर गेले असावेत. मला ते कळलं नाही. मला कळलं ते एवढंच, की मागे कुणीतरी उभं आहे आणि ते शांतपणे ऐकतंय.

मग मला चेव आला. मी धुळीपासून सुरुवात केली. क्वार्ट्झ, फेल्डस्पार ही खनिजं, त्यांच्यात ऊर्जा कशी अडकते, कमी आकडा आला तर काय समजायचं, जास्त आला तर काय, आणि मधलाच आला तर आम्ही तीच धूळ वेगळी काढून, तापवून, दुसरी चाचणी कशी करतो. सगळं इंग्रजीत सांगितलं. मागून अधूनमधून "हां", "बरोबर" असं येत होतं. इतक्या कडक माणसाला मी जिंकलं म्हणून माझा आवाज चढत गेला.

शेवटी मी बशी मशीनमध्ये ठेवली, वळलो आणि नम्रपणे विचारलं, "सर, एनी ऑब्झर्व्हेशन?"

अंधारातून उत्तर आलं, "गॅस संपला असेल. एसी कुठंय दाखवा."

* * *

आता फारूकभाई. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. बाजारात त्यांची मसाल्याची पेढी आहे आणि माल आखातापासून युरोपापर्यंत जातो. माणूस गोड, पण मालाबद्दल कुणी एक शब्द वाकडा बोललेला त्यांना खपत नाही.

एकदा त्यांनी लवंग पाठवली. इतकी निवडलेली, चाळलेली आणि झटकलेली लवंग मी त्याआधी पाहिली नव्हती. मशीनच्या आकड्यावरून काहीच ठरेना. मग आम्ही धूळ वेगळी काढायला घेतली, तर धूळच निघेना. लवंग पाण्यात हलवली, गाळली, परत हलवली. शुभदा म्हणाली, "सर, जगात सगळीकडे मसाल्यात माती निघाली की लोक रडतात. आपण निघत नाही म्हणून रडतोय."

शेवटी मी रिपोर्टवर लिहिलं, की नमुन्यातून पुरेसे धूलिकण मिळाले नाहीत, त्यामुळे निष्कर्ष देता येत नाही. सही केली. कुणाचाही रिपोर्ट असा अर्धवट गेला की मला स्वतःची लाज वाटते. फारूकभाईंना फोन करून माफीसुद्धा मागितली.

ते म्हणाले, "साहेब, माफी कसली. जरा परत वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं.

"बस्. तेवढंच हवंय."

पुढच्या आठवड्यात कामासाठी त्यांच्या पेढीवर गेलो, तर गल्ल्यामागच्या भिंतीवर माझा रिपोर्ट सोनेरी चौकटीत लावलेला. "नमुन्यातून पुरेसे धूलिकण मिळाले नाहीत" एवढं वाक्य दिसत होतं आणि खाली माझी सही होती. मधलं, निष्कर्ष देता येत नाही वगैरे, चौकटीच्या जाड पट्टीखाली बरोबर झाकलं गेलं होतं. वर प्लास्टिकच्या फुलांचा हार.

शुभदाला हे सांगून मी चूक केली. आता नवीन कुणीही लॅबमध्ये आलं की ती माझी ओळख करून देते. "हे पाटणकर सर. यांना जे जमलं नाही, त्याची फ्रेम झाली आहे."

* * *

एका चतुर्थीची गोष्ट. सकाळपासून मशीन वेड्यासारखं वागत होतं. रोज काम सुरू करण्याआधी आम्ही रिकामी बशी मोजतो. त्यात काही नसतं, म्हणून आकडाही अगदी कमी यायला हवा. त्या दिवशी रिकाम्या बशीनं असा आकडा दिला, की मशीनच्या मते ती बशी गॅमा किरणांतून जाऊन आली होती.

दुसरी बशी घेतली, तिचंही तेच. तिसरी शुभदानं ठेवली, तर ती साफ निघाली. मग चौथी मी ठेवली आणि परत आकडा वर गेला.

कर्णिक सरांनी सगळं काम थांबवलं. त्या दिवशी एका निर्यातदाराचा माल बंदरावर थांबलेला होता आणि त्याचे फोनवर फोन येत होते. सरांनी टेबल पुसून घेतलं, चमचे बदलले, मशीनचं झाकण उघडून आत फुंकर मारली. मी मनापासून मदत करत होतो. ज्या वस्तूला मी मदत करायचो, तिचा आकडा वर जायचा.

दुपारी डबा खायला बसलो. मला उपवास होता. मी डब्यातली काकडी काढली आणि छोट्या डबीतलं सैंधव चिमटीनं तिच्यावर भुरभुरवलं, तशीच बोटं झटकली. सर समोर बसले होते. त्यांचा घास हातातच राहिला.

"पाटणकर, हे सकाळीही खाल्लंत?"

"हो. उपवासाला साधं मीठ चालत नाही ना, सर."

सैंधव म्हणजे खाणीतलं मीठ. जमिनीखाली युगानुयुगं पडलेलं असतं, आणि जमिनीतलं थोडं थोडं नैसर्गिक रेडिएशन ते साठवत बसलेलं असतं. त्याचा एक कण बशीत पडला तरी मशीनला तो दिसतो. हे मला माहीत होतं. हे मी नव्या मुलांना शिकवतोसुद्धा.

सर शांतपणे भाजीत पोळी बुडवत म्हणाले, "उपवास तुमचा, आणि ऊर्जा मशीनला."

* * *

सासूबाई अलिबागकडे असतात. दर वर्षी त्या गोडा मसाला करून पाठवतात, आणि त्यांच्या मसाल्याबद्दल बोलताना आमच्या घरात आवाज खाली आणतात. एकदा लॅबमध्ये आम्हाला तुलनेसाठी असा मसाला हवा होता, ज्याला रेडिएशन दिलेलं नाही याची शंभर टक्के खात्री आहे. बाजारातल्या कुठल्याच पुडीची तशी खात्री देता येत नाही. मी घरून सासूबाईंचा मसाला नेला.

नमुना उत्तम निघाला. आमच्या कामाला धूळ लागते आणि त्यात ती छान मिळाली. धने त्यांनी अंगणात वाळवलेले, त्यामुळे अंगणही थोडंफार आलेलं. मी इतका खूश झालो की संध्याकाळी त्यांना फोन केला.

"आई, तुमच्या मसाल्याचं लॅबमध्ये फार कौतुक झालं."

"हो का? काय म्हणाले?"

"इतकी चांगली माती आजवर कुठल्याच मसाल्यात मिळाली नव्हती."

पलीकडून काही आवाज आला नाही. मला वाटलं, रेंज गेली. मी ओरडून परत सांगितलं.

मीनलनं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि आत गेली. ती बाहेर आली तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोन दिवस जेवण ताटात वाढलेलं मिळालं, पण बोलणं नाही. मी काय चुकीचं बोललो ते मला प्रामाणिकपणे कळत नव्हतं. मी तिला स्पष्टीकरण द्यायला गेलो, आणि त्यात क्वार्ट्झचा उल्लेख आल्यावर ती माहेरी निघून जाते की काय अशी वेळ आली.

पुढच्या वर्षी अलिबागहून पार्सल आलं. आत दोन पुड्या. मोठीवर लिहिलं होतं, "मीनल". आत नेहमीचा मसाला, घमघमणारा. लहान पुडीवर लिहिलं होतं, "जावईबापूंच्या लॅबसाठी". ती उघडली. त्यात धने चाळून खाली राहिलेली नुसती माती होती.

मी ती निमूटपणे लॅबमध्ये नेली. कर्णिक सरांनी बघितली, बोटांत चोळली आणि म्हणाले, "यांना विचारा, दर वर्षी पाठवतील का?"

* * *

विमानतळाच्या पलीकडच्या एका गावात बायकांचा बचत गट आहे. आगरी मसाला करतात. खारघरच्या एका मोठ्या सोसायटीनं त्यांच्याकडे वर्षाचा मसाला सांगितला होता. मिरच्या आल्या, वाळवल्या, कांडायला सुरुवात झाली आणि त्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, की या बायका मोबाइल टॉवरखाली मिरच्या वाळवतात आणि मिरचीत रेडिएशन उतरतं. ऑर्डर थांबली. मिरच्यांची पोती घरात, हंगाम निघून चाललेला. ज्या बायकांनी घरच्यांशी भांडून गट काढला होता, त्यांना घरचे आता ऐकवायला लागले होते.

टॉवरनं मिरचीत काही उतरत नाही हे आम्हाला न तपासताही माहीत होतं. पण सर म्हणाले, "माहीत असून उपयोग नाही. त्यांना कागद लागेल." आम्ही तपासलं, कागद दिला. तो सोसायटीच्या ग्रुपवर गेला आणि ऑर्डर परत सुरू झाली. इतकं सगळं चांगलं झालं. मी तो कागद नुसता कुरिअरनं पाठवायला हवा होता.

पण माझ्या हातून कधी नव्हे ते कुणाचं तरी भलं होत होतं. मी स्कूटर काढून स्वतः गावात गेलो. मांडवाखाली बायका बसल्या होत्या. गटाच्या प्रमुख हिराबाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी कागद उंच धरला आणि म्हणालो, "काळजी करू नका. तुमच्या मसाल्यात काही नाही."

एकीनं हातातलं सूप खाली ठेवलं.

हिराबाई म्हणाल्या, "काय नाय म्हंजे?"

"काही म्हणजे काहीच नाही. आम्ही सगळा तपासला."

"आमी उन्हात बसून मिरची सुकवली, धने भाजले, हलद कुटली. न तुमी बोलता काय नाय?"

"अहो, काही नाही म्हणजे चांगलंच आहे."

"मसाल्यात काय नाय, तं चांगलं कसं?" त्यांनी बाकीच्यांकडे बघितलं. एक बाई पदर तोंडाला लावून उठून गेली. ती रडायला गेली की हसायला, ते मला अजून माहीत नाही.

मी समजावू लागलो. जितकं समजावलं तितका मसाला कमी कमी होत गेला. शेवटी हिराबाईंनी हात वर करून मला थांबवलं आणि आत हाक मारली. सुनेनं वाडग्यात कोलंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी आणली.

"खाऊन बगा," हिराबाई म्हणाल्या, "न मंग बोला काय नाय ते."

मी मोठा घास घेतला. नाही म्हणायची सोय नव्हती. पहिल्यांदा कान तापले, मग डोळ्यांतून पाणी आलं, मग नाकातून. पाणी मागायला तोंड उघडलं, तर शब्द निघेना.

हिराबाईंनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं. मग बायकांकडे वळून म्हणाल्या, "हाय. सायबाला गावला मसाला."

* * *

शेवटचा किस्सा परत फारूकभाईंचा. हा मी डब्याच्या वेळी फारसा सांगत नाही.

फारूकभाईंना मुलगा नाही. एकुलती मुलगी, सबा. बी.कॉम. झालेली, शांत मुलगी. तिच्यासाठी खारघरच्या एका कॉलेजात गणित शिकवणारा अदनान नावाचा मुलगा सांगून आला होता. घराणं चांगलं होतं, मुलगाही चांगला वाटत होता. फारूकभाईंच्या मनात एकच होतं. जावयानं पुढेमागे नोकरी सोडून पेढीवर बसावं. आजोबांपासूनची पेढी, ती परक्याच्या हाती जायला नको.

एक दिवस ते पांढऱ्या मिरीचा नमुना घेऊन स्वतः लॅबमध्ये आले. बरोबर अदनान. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "साहेब, सबाच्या रिश्त्याचा मुलगा. ह्याला जरा अंधारात नेऊन बघा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय बघू?"

"वरून सगळेच साफ दिसतात. आधी काय काय होऊन गेलंय ते तुमच्याकडे अंधारात कळतं ना? घटकाभर बसा त्याच्याबरोबर. माणूस अंधारात खरं बोलतो."

मी म्हणालो, "फारूकभाई, मी मिरी तपासतो."

"मिरी घ्या की बरोबर," ते म्हणाले आणि पुडी माझ्या हातात दिली.

मला नाही म्हणता येत नाही. अदनानला मी मशीन दाखवायला म्हणून आत नेलं, पडदा ओढला, लाल दिवा लावला. काय विचारायचं ते सुचेना. मुलं तपासायची पद्धत मला कुणी शिकवलेली नाही. म्हणून मी आपली मिरीची पुडी उघडली.

अदनान शिंकला. मग परत शिंकला. मग थांबेचना. मी पुडी बंद केली, त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. बऱ्याच वेळानं त्याला श्वास मिळाला.

"अंकल," तो म्हणाला, "मला मसाल्याची ॲलर्जी आहे. मिरी, मिरची, हळद, कशाचीही पूड उडाली की असंच होतं. डॉक्टर म्हणतात, लांब राहा."

"फारूकभाईंना माहीत आहे?"

"नाही. सबाचे अब्बू मला पेढीवर बसवायचं म्हणतायत. हे कळलं तर नाही म्हणतील. आणि मला सबाशीच लग्न करायचंय." तो थोडा थांबला. "तुम्ही सांगणार का त्यांना?"

सबाला हे माहीत आहे का, असं मला विचारायचं होतं. पण तो परत शिंकायला लागला आणि बाहेरून फारूकभाईंनी दारावर टकटक केली.

इतकी वर्षं मी लोकांच्या मालाबद्दल हो किंवा नाही एवढंच सांगत आलो. ते सोपं असतं, कारण आकडा मशीन देतं, मी फक्त सही करतो. त्या दिवशी पडद्यापासून दारापर्यंत चालताना माझ्याकडे आकडा नव्हता. फारूकभाई माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. सगळं सांगावं तर मुलाचं लग्न मोडतं, लपवावं तर जुन्या स्नेह्याशी खोटं वागणं होतं.

"बोला साहेब," ते म्हणाले. "कसा आहे?"

"खरं बोलतो," मी म्हणालो. त्यापलीकडे माझी जीभ वळली नाही.

तेवढ्यात अदनान बाहेर आला. डोळे लाल, नाक लाल, हातात माझा रुमाल. फारूकभाई त्याच्याकडे बघतच राहिले. मग मला कोपरानं ढोसून हळूच म्हणाले, "रडला? माझ्या मुलीचं नाव काढल्यावर रडला?"

मी काहीच बोललो नाही. गप्प राहिलो ते धैर्यानं नव्हे. काय बोलावं ते सुचलं नाही म्हणून.

"नरम दिलाचा आहे," फारूकभाई म्हणाले. त्यांचेही डोळे भरून आले होते. त्यांनी अदनानला मिठी मारली. त्यांच्या सदऱ्याला पेढीवरची मिरची लागलेली असणार, कारण अदनान त्यांच्या खांद्यावर आणखी जोरात शिंकला, आणि त्यांनी त्याला आणखी घट्ट धरलं.

लग्न ठरलं. मला झोप लागेनाशी झाली. मीनलला सांगितलं तर ती म्हणाली, "मिरीचा रिपोर्ट द्यायचा होता ना? मग माणसाचा कशाला दिलास?" फारूकभाई पत्रिका द्यायला घरी आले, तेव्हा जावई आल्यावर पेढीवर काय काय बदल करणार ते तासभर सांगत बसले. मी लाडू खात मान हलवत होतो.

रिसेप्शनला गेलो. फारूकभाई हॉलभर आनंदानं फिरत होते. फोटोसाठी आम्हाला स्टेजवर बोलावलं. अदनाननं माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याला पाहुण्यांनी घेरलं, तेव्हा मी सबाच्या बाजूला सरकलो. ती खालच्या आवाजात म्हणाली, "अंकल, अदनाननं मला सांगितलं. तुम्ही अब्बूंना काही बोलला नाहीत. शुक्रिया."

म्हणजे तिला माहीत होतं. माझ्या छातीवरचं ओझं थोडं हललं, पण उतरलं नाही. मी म्हणालो, "अगं, पण पेढीचं काय? त्याला तर मसाल्याजवळ उभंही राहता येत नाही."

फोटोग्राफर म्हणाला, "इकडे बघा." सबानं कॅमेऱ्याकडे बघितलं, छान हसली आणि ओठ फारसे न हलवता म्हणाली,

"म्हणून तर मी हो म्हटलं, अंकल. पेढीवर मी बसणार आहे."